गाव न सोडणारा संघ : युटा जॅझ आणि मिलर कुटुंब

युटा जॅझ हा बास्केटबॉल संघ मूळचा युटाचा नव्हे. 1974 साली त्याची स्थापना न्यू ऑर्लिन्समध्ये झाली, आणि जॅझ संगीताचे माहेर असलेल्या त्या शहराला शोभेल असे नाव त्याला मिळाले. पीट मॅराविचसारखा विलक्षण हाताचा खेळाडू संघात असूनही विजयांचा आणि पैशांचा मेळ काही बसला नाही. पाच हंगामांनंतर, 1979 साली, मालकांनी संघ उचलला आणि दोन हजार किलोमीटरहून दूर, वॅसॅच पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सॉल्ट लेक सिटीत नेला. नाव मात्र तेच ठेवले.

मराठी वाचकाला यातली एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागेल. मुंबईचा रणजी संघ कुणी विकत घेऊन दुसऱ्या राज्यात नेईल, अशी शंकाही आपल्या मनात येत नाही, कारण तो संघ कुणाच्या मालकीचाच नसतो. अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये संघ ही मालमत्ता असते. लीगची मंजुरी मिळाली की मालक ती विकू शकतो, दुसऱ्या गावी नेऊ शकतो. मुलाबाळांना त्या रंगाचे शर्ट घालून वाढवलेल्या गावाला त्यात मत नसते. न्यू ऑर्लिन्सने हे सोसले आणि सहा-सात वर्षांत तीच पाळी सॉल्ट लेक सिटीवर येऊ घातली. ती टळली ती एका मोटारविक्रेत्यामुळे. या संघाचा पुढचा सारा इतिहास त्या एका घटनेतून निघतो, म्हणून इथे तोच विस्ताराने सांगतो.

लॅरी मिलर यांचा जन्म 26 एप्रिल 1944 रोजी सॉल्ट लेक सिटीतच झाला. शाळेत असताना गेल सॅक्सी भेटल्या; 1965 मध्ये दोघांचे लग्न झाले. लॅरींनी विद्यापीठात नाव घातले, पण काही आठवड्यांतच सोडले. मग मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर नोकरी धरली. त्या काळी संगणक नव्हते. गिऱ्हाईक येऊन गाडीचे वर्ष आणि मॉडेल सांगायचे आणि काउंटरवरच्या माणसाने जाडजूड कॅटलॉग चाळून पार्ट नंबर शोधायचा, ही रीत. मिलरना हे नंबर तोंडपाठ असत. याच कौशल्याच्या बळावर ते कोलोरॅडोत डेन्व्हरजवळच्या एका टोयोटा डीलरशिपमध्ये पार्ट्स विभागाचे प्रमुख झाले आणि पुढे अनेक डीलरशिपचा कारभार पाहू लागले.

कोलोरॅडोला जाण्यामागे सॉफ्टबॉलचाही ओढा होता. मिलर फास्ट-पिच सॉफ्टबॉलमधले नावाजलेले पिचर होते. संघाच्या मालकाविषयी लिहिताना ही बाब सहसा एका ओळीत उरकली जाते. मला ती महत्त्वाची वाटते. बेंचवर बसण्याची खंत, चेंडू टाकण्याआधीची शांतता, हरल्यानंतर घरी परततानाचा अबोला, हे सारे त्यांनी अंगावर घेतले होते. पुढे जॅझचे मालक झाल्यावर ते कोर्टाच्या कडेलाच बसत. अंगात संघाचा साधा टी-शर्ट आणि पायात खेळाचे बूट असत. भर स्टेडियममध्ये त्यांना रडू फुटे आणि रागही येई.

1979 च्या वसंतात ते कुटुंबासह सॉल्ट लेक सिटीला आले असताना शेजारच्या मरे गावातली टोयोटाची डीलरशिप विकत घेण्याचा सौदा ठरला. वय पस्तीस. जॅझ याच वर्षी गावात आला. दोन्ही घटनांचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पहिल्या शोरूमनंतर दुसरी, मग तिसरी, असे करत मिलर यांचा पसारा युटाबाहेरही पोचला. गाडी विकून जेवढे मिळते त्याहून टिकाऊ उत्पन्न दुरुस्ती आणि सुटे भाग यांतून येते, हे काउंटरवर उभे राहिलेला माणूस जाणतो. मिलर यांनी विक्रीइतकेच लक्ष वर्कशॉपकडे दिले.

जॅझची अवस्था मात्र हलाखीची होती. 1982 मध्ये लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, संघाने डॉमिनिक विल्किन्सला तिसऱ्या क्रमांकावर निवडले. पण तो जॅझकडून एकही सामना खेळला नाही. दोन खेळाडू आणि रोख रक्कम घेऊन संघाने त्याला अटलांटाला देऊन टाकले आणि तिथे तो त्या पिढीतल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक झाला. 1983-84 च्या हंगामात घरचे अकरा सामने लास वेगासमध्ये खेळवावे लागले, कारण आपल्या गावात तिकिटे पुरेशी खपत नव्हती. फ्रँक लेडन हे प्रशिक्षक आणि व्यवस्थापक अशा दोन्ही जागा सांभाळत होते. स्थूल देहाचा, सतत विनोद करणारा हा न्यूयॉर्कर नसता तर संघ इथवरही तगला नसता. त्याच हंगामात जॅझ प्रथमच प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, पोचला. लेडन यांनी जमवलेल्या खेळाडूंत सात फूट चार इंच उंचीचा मार्क ईटन होता. कॅलिफोर्नियात मोटार मेकॅनिक म्हणून काम करत असताना एका कॉलेजच्या प्रशिक्षकाने त्याला हेरले आणि पुन्हा बास्केटबॉलकडे वळवले. 1984-85 मध्ये ईटनने प्रतिस्पर्ध्यांचे 456 फटके हवेतच अडवले. एका हंगामातला हा विक्रम आजही अबाधित आहे.

तरीही 1985 मध्ये मालक सॅम बॅटिस्टोन यांना पैशाची निकड होती. संघ गावाबाहेर जाण्याच्या वावड्या उठत होत्या. तेव्हा मिलर यांनी 80 लाख डॉलर देऊन निम्मा हिस्सा घेतला. हातात फक्त काही डीलरशिप असलेल्या, स्वतः कर्जावर धंदा वाढवणाऱ्या माणसाने तोट्यातल्या संघावर आणखी कर्ज काढले. नफ्याच्या हिशेबात हा व्यवहार बसत नव्हता. त्याच उन्हाळ्यात ड्राफ्टमध्ये तेराव्या क्रमांकावर कार्ल मलोन आला. आदल्या वर्षी सोळाव्या क्रमांकावर आलेला जॉन स्टॉक्टन आधीच संघात होता. त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा तो कोण, हेही सॉल्ट लेकच्या बहुतेक प्रेक्षकांना ठाऊक नव्हते.

वर्षभराने प्रश्न पुन्हा उभा राहिला. मिनिॲपोलिसचे गुंतवणूकदार संघ घेऊन जायला उत्सुक होते. 1986 च्या जूनमध्ये मिलर यांनी उरलेला अर्धा हिस्साही घेतला. या खेपेला किंमत होती 1 कोटी 40 लाख डॉलर. वर्षभरात भाव किती चढला होता, ते या दोन आकड्यांवरून कळते. संघ विकला असता तर मिलर यांना आपल्या अर्ध्या हिश्श्यावरच घसघशीत नफा मिळाला असता. तो न घेता त्यांनी आणखी कर्ज घेतले. मिनिॲपोलिसला पुढे 1989 मध्ये स्वतःचा नवा संघ मिळाला, त्यामुळे या व्यवहारात कुणाचे कायमचे नुकसानही झाले नाही. मिलर यांच्या आयुष्यात याहून मोठ्या रकमांचे सौदे पुढे अनेक झाले. पण या संघाच्या दृष्टीने 1986 च्या त्या निर्णयाची बरोबरी दुसरा कोणताच करू शकत नाही.

संघ राखला, पण तो जगवायचा कसा? जुन्या सॉल्ट पॅलेसमध्ये जेमतेम बारा-साडेबारा हजार प्रेक्षक मावत. तेवढ्या तिकिटांवर मोठ्या शहरांच्या संघांइतके पगार देणे अशक्य होते. म्हणून मिलर यांनी नवे स्टेडियम बांधायला घेतले. 1990 मध्ये काम सुरू झाले आणि 1991 च्या ऑक्टोबरमध्ये जवळजवळ वीस हजार आसनांचे डेल्टा सेंटर उघडलेसुद्धा. अशा वास्तूला सव्वा वर्ष म्हणजे अगदीच थोडा वेळ. रांगा उंच चढत जाणाऱ्या आणि कोर्टाला भिडलेल्या, त्यामुळे आवाज आत कोंडून राही आणि पाहुण्या संघांना आपल्या प्रशिक्षकाचे शब्द ऐकू येत नसत. 2002 च्या हिवाळी ऑलिंपिकमधले फिगर स्केटिंग याच छताखाली झाले.

मैदानावरची सूत्रे डिसेंबर 1988 पासून जेरी स्लोन यांच्या हाती होती. लेडन यांनी हंगामाच्या मध्येच प्रशिक्षकपद सोडले आणि इलिनॉयच्या शेतकरी घरातला हा अबोल, करारी माणूस आला. तो 2011 च्या फेब्रुवारीपर्यंत राहिला. इतर संघ दोन-तीन हंगामांत प्रशिक्षक बदलत असताना मिलर यांनी स्लोनना कधी हलवले नाही. संघ हरला की मालकाचा संताप साऱ्या गावाला दिसे. नोकरी मात्र कुणाची जात नसे. नियमित हंगामांतले 1,127 विजय स्लोन यांनी जॅझसाठी मिळवले. स्टॉक्टन एकोणीस हंगाम खेळला, सगळेच्या सगळे जॅझकडून. त्याचे 15,806 असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, हा लीगचा सर्वकालीन उच्चांक आहे. मलोन आणि मिलर यांच्यात करारावरून जाहीर खटके उडत, समेट होई, पुन्हा खटके उडत. दोघांत बापलेकाचा जिव्हाळा होता असे म्हटले जाते ते खरे असावे, कारण एवढे भांडण परक्याशी कुणी करत नाही. 1984 पासून 2003 पर्यंत सलग वीस हंगाम संघ प्लेऑफमध्ये होता.

29 मे 1997 रोजी ह्यूस्टनमध्ये शेवटच्या क्षणी स्टॉक्टनचा लांबून मारलेला चेंडू बास्केटमध्ये गेला आणि जॅझ प्रथमच अंतिम फेरीत पोचला. समोर मायकेल जॉर्डनचा शिकागो बुल्स. जॅझ हरला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोन संघ. 14 जून 1998 रोजी डेल्टा सेंटरमध्ये जॉर्डनने अखेरच्या सेकंदांत फटका मारला आणि 87-86 असा सामना, मालिका, अजिंक्यपद, सारे बुल्सकडे गेले. त्या संध्याकाळची छायाचित्रे जगभर पोचली आहेत; त्यांत मागच्या रांगांतले सॉल्ट लेकचे चेहरे पाहावेत. तो रविवार होता. मिलर हे मॉर्मन पंथाचे श्रद्धावान अनुयायी. रविवारच्या सामन्यांना ते जात नसत. जॅझने आजवर अजिंक्यपद मिळवलेले नाही.

संस्थेच्या इतिहासात नुसते गुणगान असू नये. मिलर यांनी राखलेला प्रत्येक संघ गावात टिकला असे नाही. गोल्डन ईगल्स हा आइस हॉकीचा संघ त्यांनी 1989 मध्ये घेतला आणि 1994 मध्ये विकला. तो डेट्रॉइटला गेला. महिलांचा स्टार्झ हा संघ 1997 मध्ये महिला लीगच्या पहिल्याच हंगामापासून सॉल्ट लेकमध्ये खेळत होता. 2002 नंतर तो सॅन अँटोनिओला हलला. पुरुषांच्या संघासाठी जी जिद्द दाखवली ती महिलांच्या संघासाठी दिसली नाही, हे नोंदवायला हवे. 2006 च्या जानेवारीत त्यांच्या चित्रपटगृहाने ‘ब्रोकबॅक माउंटन’ हा दोन पुरुषांच्या प्रेमाचा चित्रपट आयत्या वेळी काढून टाकला, तेव्हा देशभर टीका झाली आणि ती योग्यच होती. आणि घरचा हिशेब वेगळाच. दोन दशके पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, पाच मुले वाढवली ती गेल यांनी. आपण मुलांचे बालपण गमावले, ही खंत मिलर यांनी अखेरच्या काळात उघडपणे बोलून दाखवली. कामात स्वतःला झोकून देणाऱ्या माणसांचे गोडवे आपल्याकडेही गायले जातात. त्या झोकून देण्याची किंमत घरातले कोणी चुकवतात, हे त्यांनी स्वतः सांगितले म्हणून इथे लिहितो.

दुसरी किंमत त्यांच्या शरीराने चुकवली. प्रौढ वयात जडणारा, टाइप 2 मधुमेह त्यांना होता आणि त्याकडे त्यांचे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले. 2008 च्या जूनमध्ये हृदयविकाराचा झटका आला, मग मूत्रपिंडे थकली, 2009 च्या जानेवारीत दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. 20 फेब्रुवारी 2009 रोजी ते गेले. वय चौसष्ट. स्टेडियमच्या छताखाली आता 9 हा क्रमांक टांगलेला आहे. तो जॅझच्या कोणत्याही खेळाडूच्या सन्मानार्थ नव्हे. सॉफ्टबॉल खेळताना मिलर यांच्या पाठीवर तो असे.

त्यांच्या देणग्यांत एक सूत्र दिसते. अर्धवट सोडलेले शिक्षण त्यांना सलत असावे. सँडी गावात सॉल्ट लेक कम्युनिटी कॉलेजचे एक संपूर्ण संकुल त्यांच्या देणगीतून उभे राहिले. तिथे उद्योजकतेचे शिक्षण मिळते. एका विद्यापीठात ते स्वतः उद्योजकतेचा वर्ग घेत. प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात बेसबॉल आणि सॉफ्टबॉल यांची मैदाने शेजारी शेजारी बांधली. एकाला लॅरींचे नाव, दुसऱ्याला गेल यांचे. मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची कागदपत्रे शास्त्रशुद्ध संपादनासह प्रसिद्ध करण्याच्या प्रचंड प्रकल्पालाही त्यांनी पैसा पुरवला. त्याचा पहिला खंड त्यांच्या हयातीत, 2008 मध्ये आला. मला सर्वांत भावतो तो शिक्षकांसाठीचा उपक्रम. युटातल्या इतिहासाच्या शिक्षकांना अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळी नेऊन, तिथे उभे राहून तो इतिहास शिकवायचा. शिक्षक परत जाऊन वर्गात बोलतो तेव्हा पुस्तकाबाहेरचे बोलतो.

पतीमागे गेल मिलर यांनी सूत्रे हाती घेतली. तोवर त्या सार्वजनिक जीवनात फारशा दिसत नसत. संघाच्या कामकाजातला त्यांचा सर्वांत ठळक क्षण मार्च 2019 मधला. ओक्लाहोमाच्या एका कृष्णवर्णीय खेळाडूला एका प्रेक्षकाने अपमानास्पद शब्द वापरले. संघाने त्या प्रेक्षकावर कायमची बंदी घातली. पुढच्या घरच्या सामन्याआधी पंचाहत्तर वर्षांच्या गेल मिलर कोर्टाच्या मध्यभागी गेल्या, ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि भरल्या स्टेडियमला सांगितले की इथे वंशद्वेषाला जागा नाही, आणि असे कुणी वागले तर शेजारच्याने ते आम्हाला कळवावे. मालक सहसा पत्रक काढून मोकळे होतात. आपल्याच गिऱ्हाइकांना समोर उभे राहून खडसावणे सोपे नव्हते.

त्याआधी, 2017 च्या जानेवारीत त्यांनी एक असा निर्णय जाहीर केला होता जो अमेरिकेच्या क्रीडाजगताला नवा होता. संघ आणि स्टेडियम कुटुंबाच्या विश्वस्त निधीकडे सोपवण्यात आले. उद्देश असा की कोणा एका वारसाच्या मनात आले म्हणून संघ विकला जाऊ नये, आणि नफा संघातच राहावा. आपल्याकडे देवस्थानची जमीन जशी पुजाऱ्याच्या ताब्यात असली तरी त्याला विकता येत नाही, तशीच ही कल्पना. 1986 मध्ये लॅरींनी कर्ज काढून जे केले, ते गेल यांनी कागदावर कायम करून ठेवले, असे तेव्हा वाटले.

पण 2020 च्या ऑक्टोबरमध्ये संघ विकल्याचे जाहीर झाले. किंमत 166 कोटी डॉलर. घेणारे रायन स्मिथ, प्रोव्होच्या क्वाल्ट्रिक्स या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक. कुटुंबाने लहानसा हिस्सा स्वतःकडे ठेवला. तीन वर्षांपूर्वी ‘कायम’ म्हणून सोपवलेली गोष्ट विकली गेली याचे अनेकांना वाईट वाटले, आणि ते स्वाभाविक आहे. माझे मत सांगतो. विश्वस्त निधीचे कागद हे साधन होते. संघ गावातून जाऊ नये हा हेतू होता. संघांच्या किमती आणि खेळाडूंचे पगार इतके वाढले की मोटारी विकून उभे राहिलेल्या कुटुंबाला पुढच्या पिढीपर्यंत त्या शर्यतीत राहणे कठीण होते. त्यांनी युटातच वाढलेला, वयाने चाळिशीतला, संघावर लहानपणापासून जीव टाकणारा माणूस निवडला आणि संघ युटातच राहील याची हमी घेऊन मग सही केली. जास्त बोली लावणारा परगावचा माणूस शोधणे त्यांना अशक्य नव्हते. हेतू पाळला गेला. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, डीलरशिपचा सारा पसाराही ॲस्बरी या कंपनीला 320 कोटी डॉलरला विकण्यात आला. मरे गावातल्या एका शोरूमपासून सुरू झालेला मोटारींचा धंदा बेचाळीस वर्षांनी कुटुंबाच्या हातून गेला.

त्यानंतर देणग्यांचा ओघ वाढला आणि त्यांची दिशाही स्पष्ट झाली. ज्या रोगाने लॅरींना नेले त्यावरच घाव घालायचा. 2017 मध्येच युटा विद्यापीठाबरोबर मधुमेहाच्या तपासणीचा आणि प्रतिबंधाचा उपक्रम 53 लाख डॉलरच्या देणगीतून सुरू झाला होता. फिरत्या वाहनातून वस्त्यांमध्ये जाऊन रक्त तपासायचे, आहार शिकवायचा, असे त्याचे स्वरूप. 2021 मध्ये त्याच विद्यापीठाला त्याच्या दसपट, 5 कोटी 30 लाख डॉलर मिळाले. मधुमेहापलीकडच्या देणग्याही होत्या. लीहाय गावात मुलांचे नवे रुग्णालय 2024 मध्ये सुरू झाले, त्यासाठी 5 कोटी डॉलर. सॉल्ट लेकमध्ये बेघरांसाठी उभारलेल्या एका निवाऱ्याला गेल यांचे नाव आहे.

खेळ मात्र या कुटुंबाने सोडलेला नाही. बीज हा बेसबॉलचा दुय्यम लीगमधला संघ त्यांच्याकडेच राहिला आणि 2025 मध्ये साउथ जॉर्डनमधल्या नव्या मैदानावर गेला. त्याच वर्षी रियल सॉल्ट लेक हा फुटबॉल संघ आणि रॉयल्स हा महिलांचा फुटबॉल संघ यांचा बहुसंख्य हिस्सा त्यांनी घेतला. स्टार्झ हातून गेल्याला तेव्हा बावीस-तेवीस वर्षे झाली होती. बेसबॉलच्या मुख्य लीगचा संघ सॉल्ट लेकला मिळावा म्हणून विमानतळाच्या वाटेवरची एक जुनी वीजकेंद्राची जागा विकसित करण्याची योजना त्यांनी मांडली आहे. लीग संघांची संख्या वाढवायचे ठरवील तेव्हा युटाचा अर्ज तयार असेल.